फ्लॅशवर आळ, दोष लेन्समध्ये : बोरा बाजारातील एका कॅमेरा-दुरुस्ती दुकानाचा अनुभव

गेल्या डिसेंबरात साताऱ्याला माझ्या भाचीचे लग्न झाले आणि हौशी छायाचित्रकार म्हणून मी काढलेल्या सुमारे सहाशे फोटोंपैकी निम्मे तरी फुकट गेले. काही फोटोंत वधूवरांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरे आले होते, काहींत मंडपावर ग्रहण लागल्यासारखा काळोख होता, आणि सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी की एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून, लागोपाठ घेतलेल्या दोन फोटोंतला पहिला पांढराफटक तर दुसरा जवळजवळ बिनचूक होता. लग्नासाठी व्यावसायिक छायाचित्रकार वेगळा नेमला होता म्हणून घरात बोलणी बसली नाहीत. परंतु दहा वर्षे हाताळलेल्या कॅमेऱ्याने असा दगा का दिला, हे कळेपर्यंत मला चैन नव्हते. त्याचे उत्तर अखेर मुंबईत, फोर्टमधील बोरा बाजाराच्या एका गल्लीत मिळाले. हा अभिप्राय त्या दुकानाच्या कामाविषयी आहे. दुकानाचे नाव मात्र देत नाही. दोन माणसांच्या हातांना पेलेल एवढेच काम आपण घेतो, तेव्हा नाव छापू नका, अशी विनंती मालकांनीच केली आहे. त्या गल्लीत कॅमेऱ्याच्या कोणत्याही दुकानात ‘लाकडी जिन्याचे दुरुस्तीवाले’ असे विचारले, तर पत्ता मिळतो.

माझ्याकडील सामान सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. कॅमेरा एका नामवंत जपानी कंपनीचा, क्रॉप सेन्सरचा (फिल्मच्या चौकटीहून लहान सेन्सरचा) डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा आहे. त्यावरची झूम लेन्स १७-५० मिमीची, सगळ्या झूमवर एफ/२.८ ॲपर्चर (लेन्समध्ये प्रकाश शिरण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) कायम राखणारी, दुसऱ्या कंपनीची, आणि मी ती चार वर्षांपूर्वी वापरलेली अशीच विकत घेतली होती. वर हॉट-शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत बसणारा, स्वतःचे झूम-डोके असलेला टीटीएल (लेन्समधून प्रकाश मोजून झोत ठरवणारा) फ्लॅश. घरचे वाढदिवस, बारसे, हळदीकुंकू असे कार्यक्रम मी याच सामानावर काढत आलो होतो आणि कधी तक्रार नव्हती. आता मागे वळून पाहताना कळते की घरात मी नेहमी ॲपर्चर पूर्ण उघडे, म्हणजे एफ/२.८ ठेवूनच फोटो काढत असे. लग्नात मात्र दोन-तीन रांगांचे घोळके सगळेच्या सगळे स्पष्ट यावेत म्हणून प्रथमच दिवसभर एफ/८वर राहिलो होतो. रोगाची सगळी नाडी या एका फरकात होती, आणि तो माझ्या लक्षात आला नव्हता.

प्रथम मी एका अधिकृत सेवा केंद्रात गेलो. तेथे कॅमेरा व फ्लॅश तीन आठवडे ठेवून घेतले गेले, दोन हेलपाटे झाले, आणि शेवटी ‘फ्लॅश नियंत्रणाच्या सर्किटमध्ये बिघाड, मुख्य बोर्ड बदलावा लागेल’ असे लिहिलेला ११,४०० रुपयांचा अंदाज हातात पडला. लेन्स दुसऱ्या कंपनीची असल्यामुळे ती त्यांनी पेटीतून बाहेरही काढली नाही. नियमाने त्यांचे बरोबर असेल. परंतु ज्या तक्रारीत कॅमेरा, लेन्स आणि फ्लॅश हे तिघेही संशयित आहेत, तिच्यात एकाला बाहेर ठेवून उरलेल्या दोघांवर आरोप ठेवणे हा तपास म्हणता येत नाही. एवढ्या पैशांत वापरलेला दुसरा कॅमेरा आला असता, म्हणून मी सामान परत घेतले.

बोरा बाजारातील दुकान छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पायी पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना लाकडी आणि अरुंद. आत एक लांब टेबल, दोन भिंगाचे दिवे, स्क्रूंच्या असंख्य डब्या आणि एका कोपऱ्यात काळ्या पडद्याने बंद करता येणारी, फोटोग्राफीच्या डार्करूमची आठवण करून देणारी छोटी खोली. मालक साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत. सोबत त्यांचा पुतण्या बसतो. मी फ्लॅश पुढे करून ‘हा बिघडलाय’ असे सांगताच त्यांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, “साहेब, निदान मागाहून बघू. आधी फोटो दाखवा. मोबाइलवरचे नकोत, कार्डातले मूळ दाखवा.” सुदैवाने कार्ड जवळ होते.

त्यानंतरचा सुमारे तासभर त्यांनी एकाही स्क्रूला हात लावला नाही. संगणकावर एकेक फोटो उघडून त्यासोबत साठवलेली माहिती, म्हणजे ॲपर्चर, शटर किती वेळ उघडे होते, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता), झूमची लांबी, फ्लॅशची भरपाई (झोत मुद्दाम कमीजास्त करण्याची सोय), ते पुतण्याला वाचायला लावत आणि फोटो तीन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकत. त्यांच्या मते ‘फ्लॅश कधी जास्त देतो, कधी कमी देतो’ ही तक्रार जवळजवळ नेहमी एका दोषाची नसून दोन-तीन दोषांची सरमिसळ असते, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय सामान उघडणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवतो. माझ्या बाबतीत हे अक्षरशः खरे ठरले.

पहिल्या फोल्डरमध्ये मंगलाष्टकांच्या वेळचे काळपट फोटो गेले. यात कोणताही बिघाड नव्हता. टीटीएल फ्लॅशची रीत अशी की शटर उघडण्याआधी फ्लॅश एक क्षीण पूर्वझोत टाकतो, समोरच्या वस्तूंवरून परत आलेला प्रकाश लेन्समधून मोजला जातो, आणि त्यावरून मुख्य झोत किती द्यायचा हे कॅमेरा ठरवतो. हे ठरवताना त्याचे गृहीतक असते की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे, सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे. अंतरपाट धरलेला असताना चौकटीचा निम्मा भाग पांढऱ्याशुभ्र कापडाने भरलेला असतो. त्याच्या कडेला जरीचा शालू, मुंडावळ्यांचे मोती आणि मागे मंचावरची चकचकीत सजावट. एवढा प्रकाश परत आल्यावर कॅमेऱ्याची समजूत होते की झोत भरपूर झाला, आणि तो हात आखडता घेतो. अंतरपाट दूर होऊन वराचा काळा कोट चौकटीत आला की नेमके उलटे घडते. अशा प्रसंगी फ्लॅशची भरपाई पांढऱ्यासाठी एक स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आसपास वाढवणे आणि काळ्यासाठी तेवढीच उतरवणे, किंवा आधी चेहऱ्यावर मोजणी करून ती धरून ठेवणारे बटण वापरणे, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून माहीत होते. गडबडीत केले नव्हते, इतकेच.

येथे माझी आणखी एक चूक उघडकीला आली आणि ती कबूल केली पाहिजे. अंतरपाटाचे फोटो काळे येत आहेत हे पाहून मी कॅमेऱ्याच्या मेनूत दोन तृतीयांश स्टॉपची भरपाई दिली, आणि थोड्या वेळाने ते विसरून फ्लॅशच्या पाठीवरील बटणांनीही तेवढीच दिली. काही पद्धतींत, उदाहरणार्थ कॅननच्या, फ्लॅशवर दिलेली भरपाई कॅमेऱ्यातली बाजूला सारते. निकॉनच्या पद्धतीत मात्र दोन्हींची बेरीज होते. माझ्या सामानात बेरीज झाली होती, म्हणजे जेवणापर्यंतच्या प्रत्येक फोटोत सव्वा स्टॉपहून जास्त झोत माझ्याच हाताने वाढवलेला होता. मालकांनी ते वाचून दाखवले, पण टोमणा मारला नाही. ही गोष्ट साधी असली तरी दुरुस्तीच्या दुकानांत दुर्मीळ आहे.

दुसऱ्या फोल्डरमध्ये दूरवरच्या माणसांचे, पन्नास मिमीच्या बाजूला झूम करून काढलेले अंधारे फोटो होते. मालकांनी फ्लॅश चालू करून त्याच्या पडद्याकडे बोट दाखवले : तिथे ‘१४ मिमी’ असे दिसत होते आणि लेन्सची झूम फिरवली तरी आकडा हलत नव्हता. अशा फ्लॅशच्या डोक्यात एक नळी पुढेमागे सरकते. लेन्स लांबवली की झोत अरुंद होऊन दूर पोचतो आणि लेन्स रुंद केली की पसरतो. अतिरुंद कोनासाठी डोक्यातून बाहेर ओढायची एक पारदर्शक पट्टी असते आणि ती बाहेर असताना डोके १४ मिमीवर अडकून राहते. माझ्या फ्लॅशची ती पट्टी वर्षापूर्वी पडून तुटली होती आणि मी तिचा तुकडा केराच्या टोपलीत टाकून निश्चिंत झालो होतो. आतल्या बारीक स्विचला मात्र पट्टी अजून बाहेरच आहे असे वाटत होते.

याचा परिणाम किती, ते समजण्यासाठी गाइड नंबरचा, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याचा साधा हिशोब पुरतो. गाइड नंबरला ॲपर्चरच्या आकड्याने भागले की फ्लॅश किती मीटरपर्यंत पुरेल ते मिळते. आयएसओ १०० ऐवजी ४०० ठेवला तर ते अंतर दुप्पट होते. खोक्यावर छापलेला आकडा मात्र झूम-डोके पूर्ण लांब असतानाचा असतो. कॅननच्या ४३०ईएक्स या फ्लॅशच्या नावातील ४३ हा असाच १०५ मिमीवरचा गाइड नंबर आहे. माझ्या फ्लॅशचे डोके लेन्सबरोबर नीट लांबले असते, तर त्याचा गाइड नंबर ३५च्या घरात असता आणि आयएसओ ४००, एफ/८वर तो सुमारे पावणेनऊ मीटरपर्यंत पुरला असता. डोके १४ मिमीवर अडकल्यामुळे तोच आकडा १२च्या आसपास आला आणि पल्ला तीन मीटरवर घसरला. मंगल कार्यालयातल्या चौथ्या रांगेतली मामी अंधारात जाणारच.

ज्यांच्याकडे किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी लेन्स) आहे आणि जे कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशवरच भागवतात, त्यांनी हा हिशोब स्वतःच्या सामानाला अवश्य लावून पाहावा. अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर बहुधा १२च्या आसपास असतो. १८-५५ मिमीची लेन्स रुंद बाजूला एफ/३.५ उघडते, पण झूम केल्यावर एफ/५.६च्या पुढे उघडत नाही; म्हणजे आयएसओ १००वर १८ मिमीला जवळजवळ साडेतीन मीटर मिळणारा पल्ला ५५ मिमीला दोन मीटरच्या जेमतेम वर राहतो. ‘झूम केले की फ्लॅश मंद होतो’ ही नेहमी ऐकू येणारी तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते आणि तिच्यावर आयएसओ ८०० करण्यापलीकडे औषध लागत नाही. फोटोच्या तळाशी अर्धगोल काळी सावली दिसली, तर लेन्सचे हूड (पुढे लावायचे सावलीचे कडे) काढून पाहावे. लेन्स लांबोडकी असेल, तर रुंद बाजूला तिची नळीच अंगच्या फ्लॅशच्या झोतात आडवी येते.

आता तिसरा फोल्डर, म्हणजे पांढरेफटक फोटो. माझी दुहेरी भरपाई वजा केली तरी यातले काही फोटो आणखी दीड-दोन स्टॉप जास्त होते, आणि तेही प्रत्येक वेळी नव्हे. मालकांनी फोटोंच्या वेळा पाहिल्या. बराच वेळ कॅमेरा स्वस्थ असल्यानंतरचा पहिला फोटो सर्वांत पांढरा, त्यानंतर लगोलग काढलेला त्याहून बरा, तिसरा-चौथा जवळपास ठीक, असा क्रम त्यांनी चार-पाच ठिकाणी दाखवला. एफ/२.८वरचा एकही फोटो या ढिगात नव्हता. एवढ्यावर त्यांनी फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही बाजूला सरकवले आणि लेन्स हातात घेतली.

याचे कारण असे. डीएसएलआरमध्ये तुम्ही एफ/८ निवडले तरी डोळ्याला लख्ख दिसावे म्हणून लेन्स पूर्ण उघडीच राहते. पूर्वझोताची मोजणीही उघड्या लेन्समधूनच होते आणि ‘फोटोच्या वेळी ॲपर्चर एफ/८ असेल’ असे धरून मुख्य झोताचे गणित केले जाते. बटण दाबल्यावर आरसा वर जातो, लेन्समधील पाती ठरलेल्या आकारापर्यंत मिटतात आणि मग शटर उघडते. हे सगळे सेकंदाच्या फार थोड्या अंशात उरकते. पात्यांवर तेलाचा ओशटपणा आला असेल, तर त्या चिकटून सावकाश मिटतात. कॅमेऱ्याने झोत एफ/८साठी मोजून दिला आणि पाती त्या क्षणी एफ/४लाच रेंगाळली, तर सेन्सरवर चौपट प्रकाश पडतो. मोजणी बरोबर, झोत बरोबर, आणि तरीही फोटो पांढरा. पूर्ण उघड्या एफ/२.८वर पाती हलायचीच नसल्यामुळे तेथे रोग दिसत नाही.

हे सगळे त्यांनी सांगितले असते आणि मी मान डोलावली असती, तर हा अभिप्राय लिहिण्याची वेळ आली नसती. त्यांनी ते सिद्ध करून दाखवले. काळ्या पडद्याच्या खोलीत दोन मीटरवर करडे कार्ड उभे केले, फ्लॅश टीटीएलवरून काढून एकसोळांश शक्तीवर पक्का केला, कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/८, शटर अर्धा सेकंद. खोली काळोखी असल्यामुळे कार्डावर फ्लॅशशिवाय दुसरा प्रकाश नव्हता. पाच मिनिटे थांबून नेहमीप्रमाणे, म्हणजे शटर उघडताच फ्लॅश उडेल अशा बेताने, चार फोटो घेतले : पहिला सुमारे दोन स्टॉप जास्त, दुसरा कमी, चौथा जवळपास बरोबर. मग पुन्हा पाच मिनिटे थांबून, एवढाच बदल करून की फ्लॅश अर्ध्या सेकंदाच्या अखेरीस, शटर मिटण्याच्या बेतात असताना उडेल, तसेच चार फोटो घेतले. चारही एकसारखे आणि बिनचूक आले. अर्ध्या सेकंदात आळशी पातीसुद्धा मुक्कामाला पोचलेली असते, म्हणून शेवटी उडालेल्या फ्लॅशला ती योग्य जागी सापडते. फ्लॅशवर किंवा कॅमेऱ्याच्या बोर्डावर दोष असता, तर केवळ फ्लॅश उडण्याची वेळ बदलल्याने तो नाहीसा झाला नसता. शिवाय हातातल्या प्रकाशमापकाने त्यांनी फ्लॅशचे लागोपाठ दहा झोत मोजून दाखवले. त्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता.

कॅमेऱ्यांशी इतकी वर्षे खेळूनही मला ही चाचणी सुचली नव्हती आणि इतरत्र कोणी करताना मी पाहिलेही नव्हते. घरी करण्यासारखी ती आहे. अंधारी खोली आणि ‘रिअर कर्टन’ची, म्हणजे शटर मिटण्याच्या बेतात उडण्याची सोय असलेला फ्लॅश एवढेच लागते. तीही सोय नसेल, तर स्थिर उजेडातल्या भिंतीचे फ्लॅश न लावता एफ/४ व १/६०, एफ/५.६ व १/३०, एफ/८ व १/१५, एफ/११ व १/८ असे चार फोटो घ्यावेत. चौघांचा उजळपणा सारखाच यायला हवा. आकडा वाढत जाईल तसतसा फोटो उजळत गेला, तर ॲपर्चरचा संशय घ्यावा. मात्र शटर मंद असल्याने पाती थोडीशीच आळशी असेल, तर ती या चाचणीतून निसटू शकते. दिवसा उन्हात हाच दोष मला का दिसला नाही, हे मी त्यांना विचारले. त्यांनी माझेच रायगडावरचे जुने फोटो उघडून दाखवले : प्रत्येक मुक्कामाचा पहिला फोटो थोडा उजळ होता. मी तो उन्हाच्या माथी मारून सोडून देत आलो होतो.

दोन दोष एकमेकांना कसे झाकत होते, हेही येथे लक्षात आले. अडकलेल्या झूम-डोक्यामुळे दूरचे फोटो अंधारे येत. पण पाती चिकटली की तोच तीन मीटरचा पल्ला ॲपर्चर आपोआप मोठे राहिल्यामुळे वाढे आणि सहा मीटरवरचा फोटो चुकून चांगला येई. सेवा केंद्राला आणि मलाही फ्लॅश ‘लहरी’ वाटला, तो यामुळे.

फ्लॅशच्या टीटीएलबद्दल मालकांचे मत थोडे कडवट आहे. फिल्मच्या काळात, १९७५ साली आलेल्या ऑलिंपस ओएम-२सारख्या कॅमेऱ्यात फिल्मवर पडून परतणारा प्रकाश प्रत्यक्ष एक्सपोजर चालू असतानाच, म्हणजे शटर उघडे असताना मोजला जाई आणि पुरेसा झाला की फ्लॅश तिथल्या तिथे तोडला जाई. पाती आळशी असली तरी अशा मोजणीत फ्लॅशची चूक पोटात घातली जात असे. डिजिटल सेन्सरचा पृष्ठभाग फिल्मसारखा प्रकाश परतवत नाही, म्हणून आधी पूर्वझोत टाकून अंदाज बांधण्याची पद्धत रूढ झाली. निकॉनची आय-टीटीएल २००३ची, कॅननची ई-टीटीएल २ पुढच्या वर्षीची. अंदाज चोख असला, तरी तो आधीचा अंदाज आहे, प्रत्यक्षाची मोजणी नव्हे, आणि यंत्राच्या एखाद्या भागाने वेळ पाळली नाही तर त्याला पत्ता लागत नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते. लग्नात दुसऱ्या छायाचित्रकाराचे दिवे माझ्या पूर्वझोतानेच उडून जात असल्याचेही त्यांनी दोन फोटोंवरून दाखवले. साधे प्रकाशसंवेदी स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा झोत दिसताच दिवा उडवणारे साधन) असलेले दिवे पहिल्या लुकलुकीला फसतात. कधी माझी मोजणी बिघडते, कधी त्या बिचाऱ्याचा फोटो. शेजारच्या छायाचित्रकाराकडे मोनोलाइट (स्टुडिओतले मोठे फ्लॅश-दिवे) असतील, तर आपण फ्लॅश मॅन्युअलवर (पूर्वझोत न टाकता, हाताने ठरवलेल्या शक्तीवर) ठेवणे हाच शेजारधर्म.

प्रत्यक्ष दुरुस्तीविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण ती पडद्याआड झाली. तपासणीचे ३०० रुपये लगेच घेतले आणि ते पुढे बिलातून वजा केले. लेन्स उघडून पाती धुणे, पुन्हा जुळवणे आणि तपासणे याचे २,८०० रुपये, तर फ्लॅशमधला स्विच प्लास्टिकची चकती चिकटवून दाबलेला ठेवण्याचे २०० रुपये सांगितले. तुटलेली पट्टी नवीन मिळत नाही, तेव्हा अतिरुंद कोनाचा झोत आता कायमचा गेला, हेही पावतीवर लिहून दिले. हॉट-शूचे संपर्कबिंदू त्यांनी न सांगता साफ केले. तेल पात्यांवर आले कुठून, असे विचारल्यावर त्यांनी उलट मलाच विचारले की कॅमेरा मे महिन्यात गाडीत ठेवता का. ठेवतो. झूमच्या नळीतले वंगण उष्णतेने पातळ होऊन आत उतरते, असे त्यांचे निदान आहे, आणि आधीच्या मालकाने काय केले असेल ते देव जाणे.

आता उणिवा. लेन्स चार दिवसांत मिळेल असे सांगितले होते, ती नवव्या दिवशी मिळाली, आणि मधल्या काळात फोन उचलला जाईलच याची खात्री नव्हती. मिळाल्यावर घरी तपासली, तर फ्लॅशचे एक्सपोजर अगदी स्थिर होते, पण पन्नास मिमीच्या टोकाला ऑटोफोकस थोडा पुढे पडत होता. लेन्स उघडून पुन्हा जुळवताना असे होऊ शकते हे मान्य, तरीही ते दुकानातच लक्षात यायला हवे होते. एक्सपोजरच्या चाचण्या इतक्या काटेकोर करणाऱ्या माणसाने फोकसची चाचणी एकाच झूमवर केली, हे मला खटकले. मी कल्याणहून पुन्हा गेलो. पुतण्याने माझ्यासमोर अर्ध्या तासात ते दुरुस्त करून दिले, पैसे घेतले नाहीत, पण अर्धा दिवस आणि लोकलचा प्रवास माझाच गेला. कुरियरने सामान ते घेत नाहीत. त्यामुळे नाशिक-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे दुकान सोयीचे नाही. ज्यांना जिना चढणे कठीण आहे, त्यांनीही खालूनच फोन करावा. पुतण्या खाली येतो. हमी तीन महिन्यांची आहे आणि बुरशी आलेल्या लेन्सना ती मुळीच नाही.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट तेथेच कळली. माझ्यापुढे एक तरुण वडिलांचा जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावून द्या म्हणून आला होता. मालकांनी मल्टिमीटर लावून फ्लॅशच्या पायातील व्होल्टेज मोजले, ते दोनशेच्या वर होते, आणि तो फ्लॅश परत पिशवीत घालायला लावला. काही जुन्या फ्लॅशचे ट्रिगर व्होल्टेज इतके जास्त असते की डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जळू शकते. उलट बाजूने, कॅननच्या १५००डी, ३०००डीसारख्या कॅमेऱ्यांच्या हॉट-शूला मधला संपर्कबिंदूच ठेवलेला नाही. त्यांवर फक्त मधल्या बिंदूवर चालणारा साधा फ्लॅश बसतो पण उडत नाही, आणि गिऱ्हाईक तो बिघडला समजून घेऊन येते. अशा गिऱ्हाइकाकडून ते पैसे घेत नाहीत, हे मी दोन फेऱ्यांत दोनदा पाहिले.

मार्चमध्ये पुतणीच्या बारशाला मी मुद्दाम एफ/८वरच फोटो काढले, प्रत्येक वेळी कॅमेरा पाच-दहा मिनिटे खाली ठेवून. पहिला आणि चौथा फोटो सारखा आला. पाळण्याची पांढरी दुपटी चौकटीत येताच एकदा काळोख झाला, पण तो आता माझ्या खात्यावरचा होता. दुकानाला पाचपैकी चार गुण. एक गुण त्या फोकसच्या दुसऱ्या फेरीसाठी कापला आहे. जाताना लेन्स, कॅमेरा, फ्लॅश, त्याचे सेल आणि बिघडलेले फोटो असलेले मूळ कार्ड एवढे सगळे बरोबर न्यावे, आणि शनिवारी दुपारनंतर जाऊ नये. तेव्हा दुकान बंद असते.